प्रमाणपत्रापासून हजेरीपटापर्यंत : अध्ययन-अक्षम तरुणांच्या रोजगाराचा विचार

अध्ययन-अक्षमता हा शब्द महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांना आता नवा राहिलेला नाही. मात्र तो कानावर येतो तो बहुधा शाळा, दहावी-बारावीची परीक्षा आणि त्या परीक्षेतील सवलती यांच्या संदर्भात. या सवलती राज्यात १९९६ साली सुरू झाल्या, म्हणजे त्यांच्या आधाराने उत्तीर्ण झालेले पहिले विद्यार्थी आज चाळिशी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांच्यामागून दरवर्षी नवी तुकडी शाळा-महाविद्यालयातून बाहेर पडून कामाच्या शोधाला लागते आहे. शाळा सुटल्यावर या मुलामुलींचे पुढे काय होते, त्यांना काम कसे मिळते, मिळालेले काम कशामुळे टिकते आणि कशामुळे हातचे जाते, या प्रश्नांना मात्र सार्वजनिक चर्चेत फारच थोडी जागा मिळाली आहे. प्रस्तुत पुस्तक त्या प्रश्नांसाठी लिहिले गेले असून, मुंबईतील वर्सोवा आणि त्याच्या आसपासचे पश्चिम उपनगर हे त्याचे निरीक्षणक्षेत्र आहे. त्याचे मुख्य प्रतिपादन असे की, परीक्षेतील सवलतीने शिक्षण पुरे होऊ शकते, परंतु नोकरी टिकते ती कामाच्या जागी, कामाची रीत थोडी बदलून, आणि हा बदल करण्याची जबाबदारी एकट्या उमेदवारावर टाकता येत नाही.

प्रथम संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. कायद्याच्या परिभाषेत ज्याला विशिष्ट अध्ययन-अक्षमता म्हणतात, तो एकच विकार नसून अनेक अवस्थांचा समूह आहे. बोललेली किंवा लिहिलेली भाषा ग्रहण करून तिच्यावर मेंदूत जी प्रक्रिया व्हावी लागते तीत काही उणीव राहते, आणि त्यामुळे वाचणे, लिहिणे, शुद्धलेखन सांभाळणे किंवा हिशेब करणे यांपैकी एखादी वा अनेक गोष्टी जड जातात. वाचनातील अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीला डिस्ग्राफिया आणि अंकगणितातील अडचणीला डिस्कॅल्क्युलिया अशी नावे आहेत. यांत बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असते, दृष्टी आणि श्रवण शाबूत असतात, शिकण्याची संधीही मिळालेली असते. तरीही मराठी वाचताना ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होते, जोडाक्षराशी वाचक अडखळतो, रफार कोणत्या अक्षरावर द्यायचा हे ठरत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कानाला कळला तरी हाताला साधत नाही. शाळकरी वयातील पाच ते पंधरा टक्के मुलांना अशी एखादी अडचण असते, असा अंदाज अभ्यासक सामान्यतः देतात.

ही अवस्था वयाबरोबर नाहीशी होत नाही. योग्य अध्यापन मिळाले तर वाचन सुधारते, परंतु ते सावकाश आणि श्रमाचे राहते, आणि प्रौढपणी अडचणीचे रूप बदलते. कार्यस्मृती, म्हणजे एखादी गोष्ट करीत असताना तिच्यासाठी लागणारी माहिती क्षणभर मनात धरून ठेवण्याची शक्ती, अनेकांच्या बाबतीत अपुरी पडते, आणि म्हणून एका दमात सांगितलेल्या चार कामांपैकी पहिले आणि शेवटचे काम तेवढे लक्षात राहते. कामांचा क्रम लावणे, वेळेचा अदमास घेणे, फोनवर ऐकलेला आकडा बरोबर लिहून घेणे हेही अवघड जाते. मराठीत आकड्यांची नावे एककापासून सुरू होतात, ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर उच्चारले जातात, आणि मुंबईत तर एकच गिऱ्हाईक एक आकडा मराठीत, दुसरा हिंदीत आणि तिसरा इंग्रजीत सांगते. डिस्कॅल्क्युलिया असलेल्या व्यक्तीच्या वहीत पंचविसाचे बावन्न होतात ते अशा वेळी. पाहणाऱ्याला हा निष्काळजीपणा वाटतो, आणि पुष्कळांच्या नोकरीतील पहिला गैरसमज येथेच जन्म घेतो.

या अवस्थेपासून बौद्धिक अक्षमता वेगळी ओळखली पाहिजे. बौद्धिक अक्षमतेत आकलन, निर्णय आणि दैनंदिन व्यवहार अशा सर्वच अंगांचा विकास मर्यादित असतो, तर स्वमग्नतेत संवादाची आणि संवेदनांना प्रतिसाद देण्याची रीत निराळी असते. ब्रिटनमधील लेखनात अध्ययन-अक्षमता या अर्थाची इंग्रजी संज्ञा बौद्धिक अक्षमतेसाठी वापरली जाते, त्यामुळे तेथील पुस्तके वाचताना वाचकाने सावध राहिलेले बरे. या पुस्तकाचा रोख विशिष्ट अध्ययन-अक्षमतेवर आहे. तरीही बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या प्रौढांच्या रोजगाराचे अनुभव त्यात विचारात घेतले आहेत, कारण मुंबईत कामाच्या जागी आधार देण्याच्या पद्धती प्रामुख्याने त्या क्षेत्रात घडल्या, आणि अध्ययन-अक्षम तरुणांना त्यांतील बरेच काही जसेच्या तसे उपयोगी पडते.

या विषयाचा वैद्यकीय इतिहास जुना आहे. बुद्धीने चलाख असूनही वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलाचे वर्णन प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ साली प्रसिद्ध केले, आणि १९६३ साली अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी पालकांच्या एका परिषदेत अध्ययन-अक्षमता ही संज्ञा मांडली. महाराष्ट्रात त्याची दखल शासनपातळीवर घेतली गेली ती १९९६ मध्ये, आणि या बाबतीत हे राज्य देशात अग्रेसर ठरले. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर रुग्णालय आणि केईएम रुग्णालय या पालिकेच्या तीन मोठ्या रुग्णालयांतून तपासणी आणि प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला जादा वेळ मिळू लागला, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष करण्याची मुभा परीक्षकांना मिळाली, एक भाषा सोडून तिच्या जागी कार्यानुभवाचा विषय घेता येऊ लागला आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित स्वीकारण्याची सोय झाली. पुढे या सवलती बारावीला आणि त्यानंतर महाविद्यालयांनाही लागू झाल्या. २००७ च्या डिसेंबरमध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि तोवर तज्ज्ञांपुरता असलेला डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला.

या सगळ्याचे मोल मोठे आहे आणि त्यासाठी झगडलेल्या पालकांचे, डॉक्टरांचे आणि शिक्षकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या व्यवस्थेची रचना परीक्षेभोवती झाली, आणि तिच्या मर्यादा परीक्षेनंतर दिसू लागतात. दहावीला गणित सोडलेल्या विद्यार्थ्याची त्या वर्षापुरती सुटका होते. मात्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अनेक अभियांत्रिकी व्यवसायांना दहावीचे गणित आणि विज्ञान लागते, त्यामुळे ज्याचे हात यंत्रावर उत्तम चालले असते त्याच्यासाठी तो मार्ग सोळाव्या वर्षीच बंद होतो, आणि हे त्याला कोणी आधी समजावून सांगितलेले असतेच असे नाही. चित्रपटातील मुलगा असामान्य चित्रकार होता, आणि त्यामुळे अशा प्रत्येक मुलात एखादी कलेची देणगी दडलेली असते, अशी एक समजूत रूढ झाली. वस्तुतः यांतील बहुसंख्य तरुण इतरांसारखेच सामान्य गुणांचे असतात, आणि त्यांना हवे असते ते पगार, सहकारी आणि पुढे जाण्याची वाट असलेले साधे काम. देणगी असेल तरच आदर, ही अट सामान्य माणसाला कोणी घालत नाही. अध्ययन-अक्षम माणसालाही ती घालू नये.

कायद्याने या बाबतीत बरीच वाटचाल केली आहे. १९९५ च्या दिव्यांगविषयक कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा समावेश नव्हता. भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये मान्य केला आणि त्यानंतर संसदेने संमत केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता हा एक प्रकार आहे. सरकारी आस्थापनांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलाची तपासणी आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी करण्याची आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे धरण्याची तरतूद केली. म्हणजे ही अवस्था प्रौढपणीही राहते, हे शासनाने मान्य केले आहे. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही सुरू केला.

या कायद्याच्या केंद्रस्थानी वाजवी सोयीची कल्पना आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून, दुसऱ्यावर अवाजवी बोजा न टाकता केलेला आवश्यक आणि योग्य फेरबदल, असा तिचा अर्थ आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी असा निर्णय दिला की, अशी सोय मिळण्यासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जादा वेळ नाकारला गेला त्याबद्दल, त्या न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला तिची जबाबदारी स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. हे दोन्ही निर्णय महत्त्वाचे आहेत. परंतु दोन्हींचा विषय परीक्षा हाच आहे, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. कामाच्या जागी वाजवी सोय म्हणजे नेमके काय, याचा तपशील न्यायालयात ठरत नाही; तो मालक, मुकादम, सहकारी आणि कामगार यांच्यातच ठरवावा लागतो.

खासगी क्षेत्राच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. २०१७ च्या नियमांनुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची आणि प्रशिक्षणाची रीत नमूद करून संपर्क अधिकारीही नेमावयाचा आहे, तर वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेकडून सोयीसुविधांच्या उल्लेखापलीकडे फारशी अपेक्षा नाही. वर्सोव्यातील रोजगाराची घडण पाहिली की ही मर्यादा किती निर्णायक आहे, हे ध्यानात येते. एका टोकाला कोळीवाडा, तेथील होड्या, बर्फ, सुकवायला घातलेले बोंबील आणि मासळीबाजार. दुसऱ्या टोकाला आरामनगरातील तालमीच्या जागा, पात्रनिवडीची कार्यालये आणि चित्रपट-मालिकांच्या संकलनाच्या खोल्या. आणि या दोहोंमध्ये यारी रोड ते सात बंगला या पट्ट्यात पसरलेली कॅफे, बेकऱ्या, केशकर्तनालये, व्यायामशाळा, औषधांची दुकाने आणि शिवणकामाची दालने. यांतील बहुतेक ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे काम करतात, मनुष्यबळ विभाग नावाची गोष्ट नसते, आणि कामावर घेण्याचा तसेच काढण्याचा निर्णय एकाच माणसाच्या हाती असतो. अशा जागी कायद्याची भाषा पोहोचायला वेळ लागतो. पण तो एक माणूस समजूतदार निघाला तर बदल दुसऱ्या दिवशीच घडू शकतो, आणि हीच या छोट्या आस्थापनांची मोठी जमेची बाजू आहे.

दिव्यांगांच्या रोजगाराची जुनी पद्धत आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी अशी होती. संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे केवळ दिव्यांगांसाठी चालवलेल्या कामाच्या जागेत, वर्षानुवर्षे मेणबत्त्या, पाकिटे किंवा पणत्या करून घेतल्या जात, आणि खुल्या नोकरीची तयारी कधी पुरी झाली असे होतच नसे. १९८० च्या दशकात अमेरिकेत आधाराधिष्ठित रोजगाराची कल्पना पुढे आली आणि तिने हा क्रम उलटा केला : व्यक्तीला आधी खऱ्या कामावर, खऱ्या पगारावर ठेवायचे आणि शिकवायचे ते त्या जागेवरच. त्यासाठी जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारा आणि मालकालाही सल्ला देणारा मार्गदर्शक, नेमला जातो. सुरुवातीला तो पूर्ण वेळ असतो, हळूहळू त्याचे येणे कमी होते, पण त्याचा दूरध्वनी क्रमांक मात्र मालकाजवळ राहतो.

मुंबईला या दोन्ही प्रवाहांचा परिचय आहे. दिव्यांगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाचे केंद्र सरकारचे केंद्र येथे १९६८ मध्ये सुरू झाले. आज ते दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र या नावाने शीव-चुनाभट्टी परिसरात आहे, आणि उमेदवाराची क्षमता तपासणे, नोंदणी करणे आणि मार्गदर्शन देणे ही कामे ते करते. वर्सोव्याच्या उमेदवाराने मेट्रोने घाटकोपर गाठावे, तेथून कुर्ला आणि कुर्ल्याहून हार्बर मार्गाने चुनाभट्टी, असा तो प्रवास आहे. आणि ज्याला फलाटावरच्या दर्शकफलकावरील गंतव्याचे अक्षर, गाडीची वेळ आणि ती जलद की धीमी हे एका दृष्टिक्षेपात वाचता येत नाही, त्याच्यासाठी हा प्रवास हीच पहिली परीक्षा ठरते. दुसरे उदाहरण वर्सोव्याच्या शेजारचे आहे. यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ मध्ये जुहूत सुरू केलेल्या ‘कॅफे अर्पण’मध्ये स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ स्वयंपाकघरात आणि ग्राहकसेवेत काम करतात. तेथे येणाऱ्या ग्राहकाला दिसते ते एक चालते कॅफे, आणि त्यामागे असते कामाची बारकाईने केलेली फोड. ही फोड शेजारच्या साध्या कॅफेतही करता येते, हे दाखवून देणे हा प्रस्तुत पुस्तकाचा एक हेतू आहे.

ती कशी करायची हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. कॅफेत ग्राहकाची मागणी स्वयंपाकघरात पोहोचते ती केओटी नावाच्या चिठ्ठीवरून. तिच्यावर टेबलाचा क्रमांक, पदार्थांची आखूड नावे, नग आणि ‘कांदा नको’, ‘तिखट कमी’ यांसारख्या सूचना घाईघाईने खरडलेल्या असतात. डिस्लेक्सिया असलेल्या तरुणाच्या हातून बारा क्रमांकाच्या टेबलाचा पदार्थ एकवीस क्रमांकाला जातो, लिहिताना पदार्थाच्या नावातील अक्षरे उलटसुलट होतात, आणि गर्दीच्या वेळी मोठ्याने बोलणी खाल्ल्यावर तर आधी जमत होते तेही जमेनासे होते. येथे उपाय साधा आहे. पदार्थांची नावे आधीच छापलेली आणि समोर खूण करायची चौकट असलेली वही दिली, टेबलांना क्रमांकाबरोबर रंग दिला, आणि ग्राहकाने सांगितलेली मागणी त्याला परत वाचून दाखवण्याची शिस्त सगळ्याच कर्मचाऱ्यांना लावली, की चुकांचे मूळच तुटते. याचा खर्च एका छपाईचा. आणि त्याचा फायदा केवळ त्या तरुणाला होत नाही, नव्याने लागलेल्या प्रत्येक कामगाराला होतो.

आरामनगरातील संकलनाच्या खोलीत अडचण निराळी असते. तेथे दृश्याचा क्रमांक, टेकचा क्रमांक आणि तारीख यांवरून फाइलींना नावे दिली जातात, आणि एका अंकाची अदलाबदल झाली तर तासाभराचे काम शोधण्यात जाते. ज्या सहायकाची नजर दृश्यातील बारीक उणीव चटकन टिपते, तोच फाइलीचे नाव चुकवतो आणि बेजबाबदार ठरतो. नावाचा साचा एकदा तयार करून तो टंकण्याऐवजी नकलून चिकटवायचा, दिवसाच्या सूचना तोंडी न सांगता ध्वनिसंदेशाने पाठवायच्या, म्हणजे त्या पुन्हा ऐकता येतात, आणि रोजच्या कामांची क्रमवार यादी भिंतीवर लावायची, एवढ्याने परिस्थिती पालटू शकते. मराठी मजकूर वाचून दाखवणारी आणि बोललेले टिपून घेणारी सोय आज साध्या भ्रमणध्वनीतही असते. परीक्षेत जिला सवलत म्हटले जात होते ती कामाच्या जागी सगळेच वापरतात, आणि तिचा वापर करणाऱ्याला कोणी कमी लेखण्याचे कारण उरत नाही.

नोकरी शोधण्याच्या टप्प्यावर दोन प्रश्न कळीचे ठरतात. पहिला जुळणीचा : उमेदवाराला काय येत नाही याची यादी प्रमाणपत्रात असते, परंतु त्याला काय येते याची यादी कोणीतरी वेगळी करावी लागते, आणि ती मुलाखतीच्या खोलीत तयार होत नाही. लेखी अर्ज, संगणकावरील वेळेची चाचणी आणि झटपट प्रश्नोत्तरे ही निवडीची नेहमीची रीत नेमकी त्याच्या कमकुवत बाजूची परीक्षा घेते. तिच्याऐवजी आठवडाभर प्रत्यक्ष काम करून पाहण्याची संधी दिली, तर मालकाला आणि उमेदवारालाही खरे चित्र दिसते. दुसरा प्रश्न सांगण्याचा आहे. आपली अडचण मालकाला सांगितली तर नोकरी नाकारली जाण्याची भीती, आणि न सांगितली तर पहिल्याच चुकीला आळशी ठरण्याची भीती, अशा कोंडीत बहुतेक उमेदवार असतात. या पुस्तकाची भूमिका अशी की, सांगायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी उमेदवाराचा. मात्र सांगायचे ठरले तर विकाराचे नाव घेऊन थांबू नये, काय जड जाते आणि कशाने सोपे होते ही दोन वाक्ये सोबत द्यावीत. ‘सूचना लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून दिल्यात तर काम वेळेत होईल’ हे वाक्य मालकाला जितके उपयोगी पडते, तितके वैद्यकीय प्रमाणपत्र पडत नाही.

नोकरी टिकवण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. काम मुळीच जमत नाही म्हणून नोकरी गेली, असे वाटते त्यापेक्षा कमी वेळा घडते. अनेकदा कारण दुसरेच असते. समजून घेणारा मुकादम बदलतो आणि नवा माणूस जुनी व्यवस्था मोडतो; कामाची पाळी अचानक बदलते; चूक झाली हे सांगण्याची लाज वाटून ती लपवली जाते आणि मग ती मोठी होते; जेवणाच्या सुट्टीतील थट्टा असह्य होऊन तरुण एके दिवशी कामावर जाणेच सोडतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील आधाराइतकाच, बदलाच्या प्रत्येक वळणावरचा आधार महत्त्वाचा आहे. त्या तरुणाचा जोडीदार म्हणून एक अनुभवी सहकारी नेमणे, आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बसून काय जमले आणि काय अडले याची उजळणी करणे, आणि केलेल्या सोयी कागदावर नोंदवून ठेवणे, म्हणजे मुकादम बदलला तरी त्या टिकतील, ही तीन कामे कोणत्याही छोट्या आस्थापनेला शक्य आहेत. त्याबरोबर एक पथ्यही पाळावे लागते : पगारात आणि शिस्तीत कपात किंवा कृपा, दोन्ही नकोत. चुकीची जाणीव दिलीच पाहिजे. ती चारचौघांत न देता ठोस शब्दांत आणि लगेच दिली, की तिचा उपयोग होतो.

पालकांविषयी सहानुभूतीने लिहिणे जितके आवश्यक आहे तितकेच स्पष्ट लिहिणेही. ज्या आईने बारा वर्षे मुलाचे पाठ वाचून दाखवले, शाळेचे उंबरठे झिजवले आणि प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात रांगा लावल्या, तिला अचानक बाजूला होणे सोपे नसते. परंतु तिने मालकाला फोन करून मुलाच्या रजेविषयी बोलायला सुरुवात केली, की कामाच्या जागी तो मुलगा पुन्हा विद्यार्थीच ठरतो. बँकेचे खाते स्वतः हाताळणे, पगाराची चिठ्ठी समजून घेणे, उशीर होणार असल्यास स्वतः कळवणे आणि एकट्याने लोकल-मेट्रोचा प्रवास करणे, या गोष्टी नोकरी लागण्यापूर्वी घरातच शिकवता येतात, आणि त्या आल्या म्हणजे घराला आपली काळजी थोडी थोडी सैल करता येते.

याविषयी बोलताना एक मोठी विषमता डोळ्यांआड करून चालणार नाही. तपासणीची प्रमाणित साधने दीर्घकाळ प्रामुख्याने इंग्रजीत उपलब्ध होती, आणि इंग्रजी माध्यमाच्या, सुस्थितीतील घरांतील मुलांचे निदान त्यामुळे अधिक होत गेले. मराठी माध्यमाच्या पालिका शाळेत तीच अडचण असलेले मूल ‘ढ’ ठरून आठवी-नववीत गळाले. कोळीवाड्यातील असा मुलगा बापाच्या होडीवर जातो, मुलगी आईच्या टोपलीशी बसते, आणि वाचनाची फारशी गरज नसलेल्या त्या कामात ती दोघे निपुणही होतात. पण सहकारी संस्थेचा अर्ज, अनुदानाची कागदपत्रे किंवा भ्रमणध्वनीवरून येणारी मागणी समोर आली की जुनी भिंत पुन्हा उभी राहते, आणि तिला नाव देणारे प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नसते. सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोयीला टक्केवारीच्या अटीतून मोकळे केले, त्याचा आशय येथपर्यंत यायला हवा : ज्याची अडचण दिसते आहे त्याला सोय द्यायला मालकाने कागदाची वाट पाहू नये.

पुस्तकाची मांडणी पुढील क्रमाने केली आहे. आधी प्रौढपणीच्या अध्ययन-अक्षमतेचे स्वरूप, मग शाळेकडून कामाकडे जाण्याचा काळ, त्यानंतर कामाची निवड आणि जुळणी, कामाच्या जागेतील फेरबदल, नोकरी टिकवण्याच्या पद्धती आणि शेवटी कायदा व शासकीय यंत्रणा, असे विषय त्यात येतात. कॅफेचा मालक चौथा भाग आधी वाचू शकेल, पालक दुसरा, आणि स्वतः उमेदवाराने हे पुस्तक कोणाकडून तरी वाचून घ्यावे किंवा भ्रमणध्वनीकडून ऐकावे, यात काहीच उणेपणा नाही; त्यासाठी परिच्छेद शक्य तेथे स्वयंपूर्ण ठेवले आहेत.

महाराष्ट्राने १९९६ मध्ये एक गोष्ट मान्य केली, ती अशी की हुशारी आणि लेखनवाचनाचा वेग यांची गल्लत करणे अन्यायाचे आहे. ती मान्यता शाळेपुरती ठेवणे आता शोभणारे नाही. ज्या मुलांना राज्याने परीक्षा पार करून दिल्या, त्यांना पुढे वीस-पंचवीस वर्षांच्या वयात घरी बसवून ठेवणे हा त्या निर्णयाचाच अपुरेपणा आहे, आणि तो भरून काढण्यासाठी प्रत्येक वेळी नव्या कायद्याची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक शाळेने दहावीच्या विषयनिवडीपूर्वी मुलाला पुढच्या वाटा नीट समजावून सांगाव्यात, प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या नोकरी-साहाय्य कक्षात या विद्यार्थ्यांसाठी एक जाणकार माणूस नेमावा, आणि वर्सोव्यासारख्या वस्तीतील प्रत्येक मालकाने आपल्याकडील एका कामाची तरी फोड करून पाहावी व त्यासाठी एका तरुणाला प्रत्यक्ष कामाची संधी द्यावी. एवढे झाले तरी अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्र कपाटात पडून राहणार नाही, आणि ते मिळवण्यासाठी कुटुंबाने केलेल्या कष्टांतून एक स्वतंत्र, कमावता नागरिक उभा राहील.